पडद्यावरचा खेळ, पडद्याआडचे श्रम

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कोणत्याही गावच्या जत्रेत पालखीची प्रदक्षिणा आटोपली, की मध्यरात्रीच्या सुमारास दशावताराचा खेळ उभा राहतो. एका बाकड्यावर राजदरबार भरतो, लिखित संहितेचा आधार नसतानाही संवाद रंगतात आणि पहाटे दहीकाला होईपर्यंत प्रेक्षक जागचा हलत नाही. त्याच्या नजरेसमोर असतो तो राजा. रंगपटात मांडी घालून, समोर आरसा ठेवून स्वतःच्याच हाताने तोंडाला रंग लावणारा आणि उजाडताच सामान बांधून पुढल्या गावच्या जत्रेची वाट धरणारा नट त्याच्या दृष्टीस क्वचितच पडतो. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही म्हण या मुलखात रूढ झाली ती उगाच नव्हे.

अलीकडच्या काळात अशाच एका नव्या खेळाडूचा उदय झाला आहे. मालवण, वेंगुर्ले वा देवगड येथील शाळकरी मुलाच्या हाती असलेल्या मोबाईलवर तो दिसतो. मोठ्या सभागृहातील मंचावर तो कानांना यंत्र लावून बसलेला असतो, त्याच्या बोटांची हालचाल हजारो लोक पाहत असतात आणि शेवटी त्याच्या हाती भल्या मोठ्या रकमेचा धनादेश दिला जातो. हा व्यवसाय म्हणजे ई-स्पोर्ट्स, अर्थात व्हिडिओ खेळांच्या संघटित स्पर्धा. मुलांना त्यातील मंच ठाऊक आहे. रंगपट मात्र ठाऊक नाही. पालकांना आणि शिक्षकांना बहुधा दोन्ही अपरिचित असतात. त्यामुळे घरोघरी जो वाद उद्भवतो, त्यात एका बाजूस आंधळे आकर्षण आणि दुसऱ्या बाजूस सरसकट तिरस्कार असे चित्र दिसते. या व्यवसायाचे प्रत्यक्ष स्वरूप काय आहे, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

मान्यतेचा प्रवास

करमणुकीसाठी खेळणारा आणि स्पर्धेसाठी खेळणारा यांत जो भेद गल्लीतील क्रिकेट व रणजी सामना यांत आहे, तोच येथेही आहे. स्पर्धात्मक खेळास ठरावीक नियम असतात, पंच असतात, पात्रता फेऱ्या असतात. २०१८ साली जकार्ता व पालेम्बांग येथे भरलेल्या आशियाई क्रीडा स्पर्धांत ई-स्पोर्ट्सला प्रात्यक्षिक खेळाचे स्थान मिळाले. त्या वेळी गुजरातच्या तीर्थ मेहता या तरुणाने 'हार्थस्टोन' या खेळात कांस्यपदक मिळविले. हा खेळ म्हणजे संगणकावर मांडलेला पत्त्यांचा डाव होय. सावंतवाडीच्या गंजिफाचा वारसा सांगणाऱ्या जिल्ह्याला त्याचे वावडे वाटू नये! प्रात्यक्षिक खेळांतील पदके अधिकृत पदकतक्त्यात धरली जात नाहीत, हेही येथे नमूद करावयास हवे. २०२२ साली बर्मिंगहॅम येथे झालेल्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत भारतीय संघाने 'डोटा २' या खेळात कांस्यपदक पटकाविले. त्याच वर्षी २३ डिसेंबर रोजी केंद्र शासनाने अधिसूचना काढून बहुक्रीडा स्पर्धांचा एक भाग म्हणून ई-स्पोर्ट्स हा विषय केंद्रीय क्रीडा विभागाकडे सोपविला. पुढे २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धांत हा खेळ प्रथमच पदकासाठी खेळला गेला.

एका स्पर्धकाचा दिवस

भारतात सर्वाधिक प्रसार झाला तो मोबाईलवरील 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या खेळाचा. मुले त्यास 'बीजीएमआय' म्हणतात. त्याची मांडणी थोडक्यात सांगावयाची तर अशी : प्रत्येकी चार खेळाडूंचे सोळा संघ, म्हणजे एकूण चौसष्ट जण, एका काल्पनिक भूप्रदेशावर उतरतात. शस्त्रे व साधने शोधावयाची, आश्रय घ्यावयाचा आणि क्रमाक्रमाने आकसत जाणाऱ्या वर्तुळात अखेरपर्यंत टिकून राहावयाचे. एक डाव सुमारे अर्धा तास चालतो. पहिल्या क्रमांकास दहा गुण, दुसऱ्यास सहा, तिसऱ्यास पाच अशी उतरती भाजणी असते. त्याखेरीज बाद केलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्यामागे एक गुण मिळतो. स्पर्धेच्या एका दिवशी असे पाच-सहा डाव होतात. अर्थात प्रेक्षकांसमोर खेळ चालतो तो तीन-चार तास.

त्या तीन-चार तासांमागे आठवडेच्या आठवडे उभे असतात. व्यावसायिक संघाचा दिनक्रम साधारणतः दुपारपासून सुरू होतो, कारण सरावसामने संध्याकाळी व रात्री होतात. प्रारंभी प्रत्येक जण एकट्याने बोटांचा व नेमाचा सराव करतो. गायक जसा मैफलीपूर्वी पलटे घोटतो, तशीच ही घोटवणी; तीच हालचाल शेकडो वेळा. त्यानंतर इतर संघांशी सरावसामने होतात. त्यांत जिंकण्याला फारसे महत्त्व नसते. कोणता संघ कोठे उतरतो, कोणत्या वाटेने निघतो, वर्तुळ अमुक दिशेला सरकले तर त्याचा निर्णय काय असतो, याची टिपणे काढणे हा खरा हेतू. ही टिपणे काढण्यासाठी मोठ्या संघांत स्वतंत्र विश्लेषक नेमलेला असतो.

रात्री सामने संपल्यावर जे काम सुरू होते, ते सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत मोलाचे. खेळलेल्या डावांचे चित्रण पुन्हा लावले जाते. प्रशिक्षक ते मध्येच थांबवितो आणि विचारतो, 'या क्षणी तू डावीकडे का वळलास?' उत्तर द्यावेच लागते. आपली चूक चार सहकाऱ्यांसमोर उघडी पडत असताना न चिडता ऐकून घेणे हे या व्यवसायातील मोठे कौशल्य मानले जाते. ज्यांची बोटे विलक्षण चपळ आहेत परंतु ज्यांना हे बसून ऐकणे जमत नाही, ते फार काळ टिकत नाहीत.

संघातील कामाची वाटणीही बाहेरून दिसत नाही. चौघांपैकी एक जण सूत्रधार असतो. कोठे थांबावयाचे, केव्हा पुढे सरावयाचे, कोणाशी लढत टाळावयाची हे तो ठरवितो आणि अर्ध्या सेकंदात शब्दांत सांगतो. एक जण आघाडीवर जाऊन चकमक अंगावर घेतो, दुसरा त्यास पाठबळ देतो, तिसरा दूरवर लक्ष ठेवतो. सूत्रधाराने बाद केलेल्या प्रतिस्पर्ध्यांची संख्या बहुधा कमी भरते आणि त्यामुळे प्रेक्षक त्यालाच दूषणे देतात. प्रत्यक्षात संघ कोणत्याही किमतीवर सोडू इच्छित नाही, तो हाच खेळाडू.

भरीस भर म्हणून खेळ निर्माण करणारी कंपनी काही काळाने त्यात फेरबदल करते. एखाद्या शस्त्राचा प्रभाव कमी होतो, एखादा रस्ता नव्याने तयार होतो. महिनोन्महिने केलेला अभ्यास एका रात्रीत कालबाह्य ठरतो आणि पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते. क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी दर दोन महिन्यांनी बदलू लागली तर फलंदाजांची जी अवस्था होईल, तीच येथे नित्याची आहे.

एवढ्याने दिवस संपत नाही. पुष्कळ खेळाडूंना प्रेक्षकांसाठी थेट प्रक्षेपणही करावे लागते, कारण प्रायोजक मिळतो तो लोकप्रियतेवर. मुंबईचा नमन माथुर, म्हणजे प्रेक्षकांचा 'मॉर्टल', हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या 'सोल' संघाने २०१९ च्या मार्चमध्ये हैदराबाद येथे पबजी मोबाईलची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि त्याच वर्षी बर्लिन येथील जागतिक अंतिम फेरीत भाग घेतला. पुढे मात्र त्याची कीर्ती विस्तारली ती स्पर्धांपेक्षा प्रक्षेपणांमुळे. खेळाडू आणि करमणूक करणारा कलावंत या दोन भूमिका एकाच देहात वागविण्याचा हा ताण मोठा असतो.

मालवणहून मुंबईपर्यंत

किनारपट्टीवरील मुलगा कितीही निष्णात असला, तरी त्याचा पहिला झगडा प्रतिस्पर्ध्याशी नसून जोडणीशी असतो. त्याच्या बोटाची आज्ञा दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास जो वेळ लागतो, त्याला 'पिंग' म्हणतात. तो सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजतात. मालवण ते मुंबई हे अंतर रस्त्याने सुमारे पाचशे किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन येण्यास केवळ अंतरापोटी लागतात ते हजारातील पाचच भाग. ही दिरंगाई नगण्य होय. खरा वेळ जातो तो गावातील मनोऱ्यापासून हातातील मोबाईलपर्यंत : एका मनोऱ्यावर पडलेला भार, डोंगराची आड, पावसाळी हवा. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे उमटतात असे धरले, तर शंभर सहस्रांश सेकंदांचा विलंब झालेला खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या सहा चित्रे मागे राहतो. तितक्या अवधीत तो बाद झालेला असतो आणि ते त्याला मागाहून कळते.

विजेचा प्रश्न त्याहून जुना आहे. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात खांब कोसळून जिल्ह्यातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. वादळ नसले तरी जून ते सप्टेंबर या काळात तासन्‌तास वीज जाणे कोकणास नवे नाही. पात्रता फेऱ्या घरूनच खेळावयाच्या असतात आणि त्यांच्या वेळापत्रकास पावसाशी कर्तव्य नसते. परिणामी गुणी मुलगा पहिल्याच फेरीत गळतो, नाहीतर चाकरमान्यांच्या जुन्या वाटेने मुंबईस नातेवाइकांकडे जाऊन राहतो. ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचलेली काचतंतूची जोडणी शाळा व ग्रंथालय यांपर्यंत नेण्याचे महत्त्व या एका खेळापुरते नाही. परंतु हा खेळ त्या उणिवेवर अचूक बोट ठेवतो.

पैसा, करार आणि अनिश्चितता

वर्तमानपत्रांत छापून येणारा आकडा बहुधा एकूण बक्षीस रकमेचा असतो. २०२१ साली सुरू झालेल्या बीजीएमआयच्या राष्ट्रीय मालिकेची एकूण रक्कम एक कोटी रुपये होती. ती अनेक संघांत क्रमवारीनुसार विभागली गेली. संघाच्या वाट्यास आलेल्या रकमेचेही पुढे वाटे पडतात. रापण ओढून झाल्यावर मासळीत होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्यांचा वाटा निघतो, तसाच हा प्रकार. उदाहरणादाखल, एखाद्या संघास दहा लाख रुपये मिळाले आणि करारानुसार संस्थेचा वाटा वीस टक्के असला, तर उरलेल्या आठ लाखांतून राखीव खेळाडूसह पाच जणांस प्रत्येकी एक लाख साठ हजार मिळतील. त्यावर कर वेगळा. वर्षभरात असे यश एकदाच लाभले, तर महिन्याचा हिशेब कोणीही मांडू शकेल. मोठ्या संस्था खेळाडूंना मासिक मानधन देतात हे खरे. परंतु अशा जागा मोजक्याच असतात आणि उमेदवार लक्षावधी.

पालकांनी कराराबाबत विशेष सावध राहणे आवश्यक आहे. या क्षेत्रात येणाऱ्यांपैकी अनेक जण सोळा-सतरा वर्षांचे असतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ नुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीस करार करण्याची पात्रता नाही. मुलाने परस्पर सही करून दिलेला कागद कायद्याच्या कसोटीस उतरत नाही आणि त्यामुळे मुलालाही त्या कागदाचे संरक्षण मिळत नाही. कराराची मुदत किती, बक्षिसातील व प्रक्षेपणाच्या उत्पन्नातील वाटा किती, संघ सोडावयाचा झाल्यास अटी कोणत्या, हे पालकांनी जाणकारास दाखवून वाचावे.

सर्वांत मोठी अनिश्चितता मात्र खेळाडूच्या किंवा संस्थेच्या हाती नसते. कबड्डीचे मैदान कोणाच्या मालकीचे नाही; व्हिडिओ खेळ हा एका कंपनीच्या मालकीचा असतो. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने पबजी मोबाईलसह ११८ उपयोजनांवर बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी त्याचे भारतीय रूप बीजीएमआय या नावाने दाखल झाले. २०२२ मध्ये त्याची स्पर्धा दूरचित्रवाणीच्या क्रीडावाहिनीवर प्रक्षेपित होण्यापर्यंत मजल गेली आणि त्याच वर्षी २८ जुलै रोजी तोही खेळ उपलब्ध यादीतून दूर करण्यात आला. मे २०२३ अखेर तो परतला. या दहा महिन्यांत ज्यांनी त्यासाठी महाविद्यालय सोडले होते, त्यांच्या हाती ना स्पर्धा होती ना शिक्षण. मालवणच्या मच्छीमारास जून-जुलैची मासेमारी बंदी आगाऊ ठाऊक असते, तो त्या बेताने जाळी दुरुस्तीस काढतो. येथे बंदीचा दिवस पंचांगात नसतो.

मनगट, झोप आणि शाळा

दक्षिण कोरियाचा ली सांग-ह्योक, ज्याला जग 'फेकर' या नावाने ओळखते, हा 'लीग ऑफ लेजेंड्स' या खेळाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू मानला जातो. २०१३ पासून २०२५ पर्यंत त्याने सहा वेळा जागतिक अजिंक्यपद मिळविले. २०२३ च्या जुलैमध्ये उजव्या हाताच्या दुखण्यामुळे त्याला काही आठवडे बसून राहावे लागले आणि त्या अवधीत त्याच्या संघाची कामगिरी घसरली. उपचार व विश्रांती घेऊन तो परतला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच्या संघाने जागतिक अजिंक्यपद जिंकले. मनगट, मान व डोळे यांची निगा हा तेथे प्रशिक्षणाचाच भाग आहे. व्यायाम, झोपेच्या वेळा, मानसिक समुपदेशन यांची व्यवस्था मोठे संघ करतात. आपल्याकडील होतकरू मुलगा मात्र अंधाऱ्या खोलीत, गादीवर आडवा पडून, रात्री दोनपर्यंत खेळतो आणि यालाच सराव समजतो.

शिक्षकांनी येथे एक भेद ध्यानी घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या रोगवर्गीकरणात खेळाच्या व्यसनास विकार म्हणून स्थान दिले आहे. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व व्यवहारांहून खेळास अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, ही त्याची लक्षणे होत. ती सर्वसाधारणपणे वर्षभर दिसावी लागतात. सुटीत चार तास खेळणारा मुलगा एवढ्यानेच रोगी ठरत नाही. उलट, स्पर्धेचे नाव पुढे करून शाळा बुडविणाऱ्या मुलास एक साधा प्रश्न विचारता येतो : गेल्या आठवड्यातील हरलेल्या डावांची टिपणे कोठे आहेत? खऱ्या स्पर्धकाकडे ती वही असते. दहावीच्या निकालात कोकण विभागाने वर्षानुवर्षे राखलेले अग्रस्थान पाहता, वही ठेवण्याची सवय येथील मुलांना शिकवावी लागेल असे नाही.

कायदा आणि गावची स्पर्धा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन खेळांविषयीचा अधिनियम संमत केला. २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. या अधिनियमाने खेळांचे तीन प्रकार मानले आहेत : ई-स्पोर्ट्स, सामाजिक वा करमणुकीचे खेळ आणि पैसे लावून खेळावयाचे खेळ. पहिल्यास वैध स्पर्धात्मक क्रीडाप्रकार म्हणून स्थान देण्यात आले आहे. तिसऱ्या प्रकारास संपूर्ण बंदी आहे, मग तो कौशल्याचा असो वा नशिबाचा. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. खेळणाऱ्यास शिक्षेची तरतूद नाही. घरातील कर्ता मुलगा पत्त्यांच्या ऑनलाईन डावात होडीच्या हप्त्याचे पैसे घालवून बसतो आणि शेजारचा मुलगा स्पर्धेच्या पात्रता फेरीची तयारी करतो, या दोन गोष्टी गाव एकाच मापाने मोजते. कायदा तसे करीत नाही.

गणेशोत्सवात वा शिमग्यात तरुण मंडळे अशा स्पर्धा भरवू लागली आहेत आणि परवानगीसाठी ग्रामपंचायतीकडे येतात. अधिनियमाप्रमाणे ई-स्पोर्ट्स स्पर्धेत सहभाग शुल्क घेता येते, ते केवळ प्रवेशासाठी वा व्यवस्थेच्या खर्चासाठी. कामगिरीवर आधारित बक्षीसही देता येते. पैज मात्र लावता येत नाही. यास्तव प्रत्येकाकडून शंभर-दोनशे रुपये गोळा करून तीच रक्कम विजेत्यास देण्याची पद्धत टाळावी. बक्षीस देणगीदाराकडून घ्यावे, शुल्काचा हिशेब वेगळा ठेवावा, तो फलकावर लावावा आणि बाहेर उभे राहून पैजा घेणाऱ्यास मंडपात थारा देऊ नये. नोंदणी व नियमांविषयीची त्या वेळची स्थिती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून तपासून घ्यावी. अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची लेखी संमती आणि विजेसाठी पर्यायी सोय, या दोन बाबी परवानगी देतानाच विचाराव्यात. तारीख ठरविताना गावच्या जत्रेची रात्र सोडावी. त्या रात्री मंडपात कोणी थांबणार नाही, सगळा गाव दशावताराकडे जाईल.